मोऱ्याची लाँच

उरणहून मुंबईला रोज लाँचने नोकरीला जायचे म्हटलं की समोरच्याचा प्रश्न ठरलेला: "समुद्राची भीती नाही वाटायची?" भाच्यांनी विचारलं, बँकेत नव्याने लागलेल्या मुलींनी विचारलं. आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. पाण्याची भीती नाही वाटायची. वाटायची ती पाणी नसण्याची.

उरणचं मोरा बंदर ते मुंबईचा भाऊचा धक्का, पाण्यातून दहाएक किलोमीटर. लाँचला पाऊण तास, फार तर तास. हेच रस्त्याने करायचं तर अख्ख्या खाडीला वळसा, आणि एसटीत उभं राहून पाय मोडायचे ते वेगळेच. पण मोऱ्याला गाळ फार. पाणी ओसरलं की धक्क्यापाशी चिखल उघडा पडतो, लाँच लागत नाही, मग पाणी चढेपर्यंत बसा.

म्हणून आमचं वेळापत्रक घड्याळावर नव्हतं, तिथीवर होतं. कोळ्यांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, थोडं पुढंमागं. अष्टमीला भरती सकाळ-संध्याकाळ सहाला, ओहोटी बाराला, म्हणजे जाणं-येणं दोन्ही सुखाचं. चतुर्थीला भरती तीनला, म्हणजे सकाळी नऊला पाणी गुल. संकष्टीचा उपास मी कधी केला नाही, पण त्या दिवशी पहाटेची लाँच मात्र कधी सोडली नाही. अमावस्या-पौर्णिमेला उलटं: सकाळ निभावते, पण संध्याकाळी ऑफिस सुटायला आणि पाणी तळाला जायला एकच गाठ. आमचे साहेब घाटावरचे. "साहेब, उद्या अमावस्या आहे, जरा लवकर निघू का?" म्हटलं की ते चष्म्यावरून असे बघायचे, जणू मी लिंबू-मिरची मागितली!

चढणं-उतरणं ही खरी विद्या. लाँच धक्क्याला कधी स्थिर नसते. वर येते, खाली बसते. खलाशी एक पाय लाँचवर, एक पायरीवर ठेवून उभा, आणि हात पुढे. तो बोटं नाही धरत, कोपराच्या वर दंड धरतो. लाँच वर आली की "चला ताई" म्हणतो, तेव्हाच पाय टाकायचा. विचार करत बसलात तर ती खाली गेलेली असते. साडी वीतभर वर खोचलेली, पर्स खांद्यावरून तिरकी, चपला हातात. कधी दोन लाँची एकमेकींना लागून असल्या तर एकीवरून दुसरीवर जायचं. मुंबईला उतरलं की समोर मासळीबाजार. बर्फाचं पाणी, टोपल्या, "बाजूला, बाजूला" ओरडत पळणारे हमाल, त्यातून वाट काढत डॉकयार्ड रोडच्या दिशेने. ऑफिसात शेजारीण नाक मुरडायची, पण सुरमई आणायला मलाच सांगायची.

भीतीचं म्हणाल तर ती सासूबाईंच्या पिढीची. १७ जुलै १९४७, गटारीचा दिवस. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट वाटेत बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. सासूबाई आषाढी अमावस्येला घरातल्या कुणालाही लाँचवर पाय ठेवू देत नसत. मी रजा टाकायचे. त्यावर वाद घालावा असं मला कधी वाटलं नाही.

पावसात लाँच हलायची, ओकाऱ्या व्हायच्या, ताडपत्रीतून पाणी यायचं, आणि पावसाळ्यात तिकीटही वाढायचं! थंडीत मात्र लाँचमागे पांढरे पक्षी लागायचे, लोक गाठ्या उधळायचे. जवाहर द्वीपाशी उभे तेलाचे टँकर बघत बायका मेथी निवडायच्या. लोकलमध्ये बसायला जागा नाही, इथं भाजी निवडायला ऐसपैस.

१२ जानेवारी २०२४ला एकाच दिवशी अटल सेतूचंही उद्घाटन झालं आणि उरणच्या रेल्वेचंही. माझी सून गाडीने जाते, बरंच झालं. सेतूवर दुचाकी चालत नाही, त्यामुळे दुचाकीवाल्याला त्याचं कौतुक लांबूनच. लाँच अजून चालते. तुम्हाला हौस असेल तर अष्टमीच्या आसपास जा, पावसाळा सोडून. संकष्टीला सकाळी आठ-नऊला जाऊन धक्क्यावर उभे राहिलात, तर मला फोन करू नका.