चामडं शिवायचं मशीन घरी आलं
धारावीतून घेतलेलं चामडं शिवायचं मशीन आज घरी आलं. वजन एवढं की मशीन, टेबल आणि मोटर वेगवेगळी करून जिन्याने वर न्यावी लागली. मोटर मुद्दाम सर्वो घेतली. हवी तेवढी हळू चालते, पायाच्या दाबावर एकेक टाका घालता येतो. कापडाची शिवण उसवून पुन्हा घालता येते, पण चामड्यात पडलेलं भोक बुजत नाही. तिथे वेग काय कामाचा?

तेल सोडलं, २२ नंबरची सुई लावली, बॉबीनमध्ये जाड नायलॉनचा दोरा भरला आणि चाक हाताने सावकाश फिरवलं. सुई, चामडं वरून दाबून धरणारा फूट आणि ते खालून सरकवणारे दाते तिघंही एकदम पुढे सरकतात, म्हणून वरचा थर मागे राहत नाही. काय सुंदर यंत्र आहे हो! उद्या बाबांच्या जुन्या बॅगेचा पट्टा.