हमीपत्र फक्त त्यांच्याकडूनच?

आज पणजीत आमच्या समुपदेशनाच्या वर्गात चांगलीच वादावादी झाली. व्यसनमुक्ती केंद्रातल्या इंटर्नशिपसाठी हमीपत्र आलंय: पूर्वी व्यसन असलेल्यांनी दोन वर्षं दारू सोडल्याचं लिहून द्यायचं. तेही फी भरून झाल्यावर!

ड्युटीवर शुद्धीत असायलाच हवं, पेशंटसमोर हुर्राकाचा, म्हणजे काजूच्या दारूचा, वास नको. (सीझनला आमच्याकडे तेही होऊ शकतं म्हणा.) पण शनिवारी फेणी घेणाऱ्याला कुणी विचारत नाही आणि जो सावरून इथवर आला त्याचीच सही? अट घालायची तर सगळ्यांना सारखी घाला, प्रवेशाआधी आणि लेखी. कुणी पुन्हा घसरलाच तर रजा द्या, उपचार होऊ द्या, परत घ्या. थेट नाव कसलं कापताय?

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा दारू-ड्रग्जच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थाही मानसिक आजारात धरतो. कलम २३ मध्ये पेशंटला गोपनीयतेचा हक्क आहे. गेल्याच आठवड्यात हे शिकलो, आणि आज सरांनी सगळ्यांदेखत एका दादाला विचारलं, "तुमची किती वर्षं झाली?"

तो शांतपणे म्हणाला, "सर, केबिनमध्ये बोलवा, सांगतो."

सोमवारी सगळे मिळून अर्ज देतोय. बॅचमधलं अजून कोण सही करतंय?