अभद्र या एका शब्दासाठी

गेल्या पावसाळ्यापासून ब्रेस्लोवचे रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, नाख्मान यांच्या तेरा कथा मी मराठीत उतरवून पाहतो आहे. ज्यूंच्या हसीदी या भक्तिप्रधान पंथाचे प्रवर्तक बाल शेम टोव्ह यांचे हे पणतू १७७२ साली जन्मले आणि ३८ व्या वर्षी क्षयाने गेले. कथा त्यांनी यिद्दिशमध्ये, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या बोलीत, सांगितल्या, शिष्य नाथान यांनी त्या टिपून ठेवल्या आणि १८१५ साली त्या छापून आल्या तेव्हा पानावर वर हिब्रू आणि खाली यिद्दिश असा मजकूर होता. मला यांपैकी एकही भाषा येत नसल्यामुळे दोन इंग्रजी भाषांतरे आणि त्यांवरच्या टीपा शेजारी ठेवूनच माझे काम चालते. (मी रेवदंड्याचा, तेव्हा या कथा इथल्या शनिवार तेल्यांकडून, म्हणजे कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंकडून, ऐकल्या असतील असा अनेकांचा समज होतो, परंतु त्यांची परंपरा वेगळी आणि हसीदी पंथ अठराव्या शतकातल्या युक्रेनमधला.)

पहिलीच कथा हरवलेल्या राजकन्येची आहे. राजाला सहा मुलगे आणि एक मुलगी. मुलगी त्याची फार लाडकी. एके दिवशी तो तिच्यावर रागावतो आणि त्याच्या तोंडून निघून जाते की, ‘जो चांगला नाही तो तुला घेऊन जावो.’ सकाळी मुलगी नाहीशी झालेली असते. यिद्दिशमध्ये सैतानाचे नाव न घेता त्याला ‘चांगला नसलेला’ म्हणतात, आणि याच शब्दाशी मी अडलो. रात्री आपण सापाला ‘जनावर’ म्हणतो तसलाच हा प्रकार असल्यामुळे प्रथम मी ‘बाहेरचं’ असे लिहिले. कब्बाला या ज्यू गूढविद्येतही दुष्ट शक्तीला ‘दुसरी बाजू’ म्हणतात, त्यामुळे शब्द चपखल बसल्यासारखा वाटला. पण भाष्यकारांचा रोख नकारावर आहे: चांगल्याचा अभाव हेच ज्याचे नाव, तो. ‘बाहेरचं’मध्ये चांगले कुठेच नाही.

पडवीत सुपारी सोलत बसलेल्या आत्याला मी तो प्रसंग वाचून दाखवला. हात न थांबवता ती म्हणाली, “अरे, लेकराला असं अभद्र बोलू नये. वास्तू तथास्तु म्हणत असते.” भद्र म्हणजे चांगले, कल्याणकारी, अभद्र म्हणजे ते नसलेले. शब्द सापडला आणि बापाचे बोलणे खरे का ठरले, हेही मराठी वाचकाला टीपेवाचून कळण्याची सोय झाली.

भाष्य सांगते की राजकन्या म्हणजे शेखिना, ईश्वराचे जगात वसणारे आणि आता वनवासात गेलेले सान्निध्य. सात भावंडे म्हणजे दहा सफिरोतांपैकी, म्हणजे कब्बालातल्या ईश्वराच्या दहा आविष्कारांपैकी, खालच्या सात. हे खरे असले तरी मी ते कथेच्या शेवटीच ठेवतो. आधी कळले तर, तिला शोधणारा प्रधान नेमक्या उपवासाच्या दिवशी झाडावरचे सफरचंद तोडून खातो आणि तिथेच झोपी जातो, तेव्हा वाचकाला हळहळ वाटायची नाही. मार्टिन ब्यूबर यांनी १९०६ साली या कथा जर्मनमध्ये स्वतःच्या शैलीत घडवल्या. मला मात्र मुळातला ओबडधोबडपणाच हवा आहे.

सध्या मी दुसऱ्या झोपेपाशी आहे. या वेळी प्रधान सत्तर वर्षे झोपला आहे. राजकन्या त्याला हलवून पाहते, तो उठत नाही, तेव्हा ती डोक्यावरचा रुमाल सोडून त्यावर आसवांनी लिहून ठेवते. हात सारखा ‘पदर’ लिहायला जातो. पण पदर काढून दुसऱ्याजवळ ठेवता येत नाही, आणि तो जागा झाल्यावर उन्हाकडे धरून वाचतो ती वस्तू तिच्यापासून सुटलेली असायला हवी. म्हणून रुमालच ठेवला आहे.