धुळ्याच्या भंगारात सापडलेलं विमानाचं मीटर

नाशिकहून आग्रा महामार्गानं धुळ्याकडे निघालं की वाटेत ओझर लागतं. हिंदुस्थान एरोनॉटिक्सनं मिग-२१ तिथंच बांधली, म्हणून या पट्ट्यात विमानाचा सुटा भाग दिसला की आधी मिगच आठवतं. धुळ्यात एका भंगारवाल्यानं "इमाननं मीटर शे, दादा" म्हणत साधारण ८ सेंटीमीटर तोंडाचं काळं मीटर पुढं केलं. तबकडीवर नाव नव्हतं. शून्याच्या एका बाजूला उणे आकडे, दुसऱ्या बाजूला अधिक.

अशा वेळी मीटर आधी उलटं करावं. वेगमापकाला मागं हवेच्या नळीची दोन तोंडं असतात. उंचीमापक, चढ-उतारमापक (विमान किती वेगानं चढतं-उतरतं ते दाखवणारं) आणि इंजिनाचं बूस्ट मीटर (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब दाखवणारं) यांना एकच. इथं एकच होतं. कडेला कोरलेला मुकुट, 'एएम' ही अक्षरं आणि '६ए' नं सुरू होणारा क्रमांक म्हणजे ब्रिटिश हवाई मंत्रालयाचा माल, उपकरण विभाग. मिग रशियन बनावटीचं, म्हणून तो प्रश्न तिथंच मिटला.

उंचीमापकावर असे उणे-अधिक आकडे नसतात. राहिली निवड चढ-उतारमापक की बूस्ट मीटर, एवढीच. २० मिलीची सिरिंज आणि घट्ट बसणारी सिलिकॉन नळी घ्या, दट्ट्या अगदी हळू, जेमतेम १ मिली ओढा आणि तसाच धरून ठेवा. चढ-उतारमापकाचा काटा हलून आपोआप शून्यावर परततो. बूस्टचा उणेकडे जाऊन तिथंच थांबतो. हा थांबला. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा मात्र कधीच देऊ नका, आतली पातळ पत्र्याची डबी कायमची फुगते.

मला सर्वांत आवडली ती काट्याची विश्रांतीची जागा. ब्रिटिश बूस्ट मीटरचं शून्य म्हणजे समुद्रसपाटीचा प्रमाण दाब, दर चौरस इंचाला १४.७ पाउंड. धुळं सुमारे २५० मीटर उंचीवर, म्हणून नळी मोकळी असताना काटा शून्याखाली अर्धा पाउंडाहून किंचित कमी हवा. तो तिथंच होता, म्हणजे डबी शाबूत. अमेरिकी मीटर पाऱ्याच्या इंचांत असतं. ते इथं २९ च्या आसपास दाखवेल.

काच उघडू नका. आकड्यांवरचा तपकिरी पडलेला रंग रेडियमचा असू शकतो. चमक गेली तरी किरणोत्सर्ग जात नाही, रेडियमचं अर्धायुष्य १६०० वर्षं आहे. पोपडे पोटात किंवा फुप्फुसात जाणं हाच खरा धोका. मीटर बंद पिशवीत ठेवा, हात धुवा.

विकणारा 'स्पिटफायरचं', म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या नामांकित ब्रिटिश लढाऊ विमानाचं, म्हणाला तर किंमत वाढवून देऊ नका. भारतीय हवाई दलाकडे त्याच काळातली हरिकेन ही ब्रिटिश विमानंही होती, आणि '६ए' क्रमांक भाग सांगतो, विमान नाही.