तुम्ही विचारलंत म्हणून : रंग ठरवून पिल्लं काढता का?

मी ग्रेट डेन जातीचे कुत्रे पाळते, शोमध्ये उतरवते आणि अधूनमधून त्यांची पिल्लंही काढते. त्यामुळे एक प्रश्न मला सतत विचारला जातो. "नर-मादीला एकत्र आणायचं सोडून हे कृत्रिम रेतन कशाला? हवा तो रंग मिळावा म्हणूनच ना?" काहींना हा निसर्गाच्या कामात नाक खुपसण्याचा प्रकार वाटतो. काहींना मात्र पांढऱ्या अंगावर फाटक्या कडांचे काळे डाग असलेलं हार्लेक्विन पिल्लू हवं असतं आणि ते ठरवून मिळेल अशी त्यांना आशा असते. दोघांनाही फोनवर तुटक उत्तर देऊन माझं समाधान होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी सरळ उत्तर. रंगासाठी नाही. रंगाचा हिशोब मी प्रत्येक वेळी करते, कागदावर मांडून करते, पण तो कुठली जोडी जुळवायची नाही हे ठरवण्यासाठी. जोडी जुळवायची ती हृदयाचे अहवाल, सांधे, चाल आणि स्वभाव बघून. आणि सगळ्यात आधी बघायचं ते घराण्यातली कुत्री किती वर्षं जगली.

हे आयुष्याचं प्रकरण कळलं की कृत्रिम रेतन कशाला, हे आपोआप कळतं. ग्रेट डेनचं आयुष्य साधारण सात ते दहा वर्षांचं. हृदयाचा स्नायू सैल पडत जाणं आणि पोट फुगून त्याला पीळ बसणं, ही या जातीची दोन मोठी दुखणी. दोन्ही बहुतेक वेळा कुत्रा वयात आल्यानंतर बऱ्याच वर्षांनी उघड होतात. नर मात्र दोन-तीन वर्षांचा असतानाच रिंगमध्ये चमकतो आणि त्याच दिवसांत त्याला मागणी येते. त्याचं हृदय सहाव्या वर्षी दगा देणार असेल, तर तोवर त्याची पिल्लंच नव्हे, पिल्लांची पिल्लंही घरोघरी पोचलेली असतात. जज कुत्र्याला हाताळतो, दात बघतो, पळवून चाल बघतो. त्या काही मिनिटांत जे दिसतं ते तो नेमकं ओळखतो, पण कुत्र्याचं सहावं वर्ष रिंगमध्ये दिसत नाही.

गोठवलेल्या वीर्यामुळे मला थांबता येतं. नर ऐन तारुण्यात असताना त्याचं वीर्य द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंश सेल्सिअसला ठेवून द्यायचं. मग वाट बघायची. कुत्रा नवव्या वर्षीही ठणठणीत चालतोय, त्याच्या हृदयाचे अहवाल दरवर्षी चांगले येताहेत, आधीची पिल्लंही धडधाकट आहेत, असं दिसलं की त्या वीर्याची नळी, म्हणजे स्ट्रॉ, बाहेर काढायची. कधी कधी तोवर कुत्रा गेलेला असतो, पण त्याचं अख्खं आयुष्य समोर असतं. जिवंत, तरुण नराशी मेटिंग करताना ही माहिती मिळण्याचा मार्गच नाही. हजारो मैलांवरचा नर वापरता येतो, प्रवासाचा ताण टळतो, ब्रुसेलासारखा मेटिंगमधून पसरणारा संसर्ग टाळायला मदत होते, हे फायदेही आहेतच. (वीर्यातूनही तो जंतू जाऊ शकतो, म्हणून नराची तपासणी कुठल्याही पद्धतीत हवीच.) पण माझ्या लेखी मोठी गोष्ट ती थांबण्याची सोय.

हे काही कालपरवाचं फॅड नाही. लाझारो स्पालान्झानी या इटालियन शास्त्रज्ञाने १७८० च्या दशकात कृत्रिम रेतनाचा प्रयोग केला तो कुत्रीवरच. ती ६२ दिवसांनी व्यायली आणि तिला तीन पिल्लं झाली. गोठवलेल्या वीर्यापासून पिल्लं झाल्याची पहिली नोंद १९६९ची आहे.

प्रत्यक्ष काम मात्र चिकाटीचं आहे, आणि त्यातलं निम्मं वेळ साधण्यात जातं. कुत्रीचं शरीर यात फार वेगळं. तिच्या रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक अंडी सुटण्याच्या आधीपासूनच चढायला लागतं. मिलिलिटरमागे साधारण २ नॅनोग्रॅमच्या आसपास गेलं की एलएच या अंडी सोडायला लावणाऱ्या संप्रेरकाची उसळी झाली असं धरायचं, ५ च्या आसपास अंडी सुटतात. पण सुटलेली अंडी कच्ची असतात. ती पिकायला आणखी दोन-तीन दिवस लागतात आणि त्यानंतर ती थोडेच दिवस टिकतात. ताजं वीर्य कुत्रीच्या शरीरात पाच-सहा दिवस तग धरतं, त्यामुळे नैसर्गिक मेटिंगमध्ये दिवस थोडा पुढेमागे झाला तरी चालून जातं. गोठवून वितळवलेलं वीर्य मात्र जेमतेम एखादा दिवस टिकतं. म्हणजे अंडं पिकलेलं आणि शुक्राणू जिवंत, ही गाठ काही तासांच्या खिडकीत पडायला हवी. "हीटवर आल्याच्या बाराव्या दिवशी करा" हा जुना ठोकताळा इथे कामाचा नाही. एक दिवसाआड रक्त तपासायचं, सोबत स्मिअर, म्हणजे योनीतल्या पेशींचा नमुना, बघायचा, आणि दरवेळी त्याच लॅबमध्ये, कारण दोन लॅबचे आकडे जुळतीलच असं नाही.

तो दिवस उजाडला की स्ट्रॉ वितळवायची. स्ट्रॉ म्हणजे अर्धा मिलिलिटर मावेल अशी बारीक प्लॅस्टिकची नळी. तिच्यावर कुत्र्याचं नाव, नोंदणी क्रमांक, गोठवल्याची तारीख. मी ते दोनदा मोठ्याने वाचते आणि डॉक्टरांना कागदाशी ताडून बघायला लावते. मग गोठवणाऱ्याने लिहून दिलेल्या तापमानाच्या पाण्यात, बऱ्याचदा ३७ अंशांच्या पाण्यात मिनिटभर. काच आधी कोमट करून ठेवलेली असते, कारण थंड काचेवर जिवंत शुक्राणूही मरगळल्यासारखे दिसतात. एक थेंब काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघायचं. जे सरळ रेषेत पुढे जातात तेवढेच जमेत धरायचे, जागच्या जागी गोल फिरणारे नाहीत. निम्मे सरळ पळत असले तरी गोठवलेल्या वीर्यासाठी ते चांगलं. हे वीर्य योनीत सोडून फारसा उपयोग नसतो, ते थेट गर्भाशयात पोचवावं लागतं. डॉक्टर एंडोस्कोपने गर्भाशयाचं मुख शोधतात आणि त्यातून बारीक नळी आत सरकवतात. भूल लागत नाही, कुत्री उभीच असते, मी तिचं डोकं धरून बोलत राहते. पोट उघडून वीर्य सोडायची शस्त्रक्रियाही होते, काही देशांत तिच्यावर बंदी आहे. माझ्या कुत्र्यांवर ती मी होऊ देत नाही. जे काम उभ्या उभ्या होतं त्यासाठी पोट कापायचं कारण मला पटत नाही.

'निसर्गात ढवळाढवळ' म्हणणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र मला पूर्ण मान्य आहे. ज्या नराला किंवा मादीला स्वतःहून मेटिंग जमतच नाही, त्यांचीच पिल्लं कृत्रिम रेतनाने काढत राहिलो, तर ती अक्षमता पिढ्यान्‌पिढ्या वाढवत नेऊ. एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वानसंघटनेचा नियमच आहे, की आधी नैसर्गिकरीत्या प्रजनन न झालेल्या जनावरांसाठी कृत्रिम रेतन वापरू नये. तो नियम मी पाळते. दुसरा धोका याहून मोठा. विजेत्या नराच्या शेकडो स्ट्रॉ टाकीत पडून राहू शकतात आणि मेल्यानंतरही तो अर्ध्या जगाचा बाप होऊ शकतो. मग त्याच्यातला एखादा लपलेला दोष सगळ्या जातीत पसरतो. साधन चांगलं असलं तरी हात आखडता घ्यावाच लागतो.

आता रंग. कुत्र्याच्या केसांत रंगद्रव्यं दोनच, काळं युमेलॅनिन आणि पिवळसर-लाल फिओमेलॅनिन. कुठे कोणतं बनवायचं, किती फिकट करायचं, कुठे अजिबात घालायचं नाही, हे वेगवेगळे जीन ठरवतात आणि त्यातून सगळे रंग निघतात. बहुतेक रंग निरुपद्रवी असतात. पण हार्लेक्विन हा दोन जीनचा खेळ आहे आणि दोन्ही जपून हाताळायचे आहेत.

पहिला मर्ल. प्रत्येक जीनची एक प्रत आईकडून येते, एक बापाकडून. मर्लची एक प्रत असली की काळा रंग जागोजागी फिकट होऊन करड्या अंगावर काळे डाग दिसतात. यामागचा बदल पीएमईएल या जीनमध्ये आहे, हे २००६ साली कळलं. दोन मर्ल कुत्र्यांची जोडी जुळवली, तर सरासरी चारातल्या एका पिल्लात दोन प्रती येतात. असं पिल्लू बहुतांशी पांढरं होतं, आणि त्याला बहिरेपणाचा, अधू किंवा अर्धवट वाढलेल्या डोळ्यांचा मोठा धोका असतो. रंगाचा कानाशी काय संबंध, असं लोक विचारतात. आतल्या कानातही रंगपेशी असतात आणि ऐकण्याच्या नाजूक पेशी जगवायला त्या लागतात. त्या तिथे पोचल्याच नाहीत, तर पिल्लू जन्मल्यावर तीन-चार आठवड्यांत ऐकण्याच्या पेशी मरून जातात. एकदा गेल्या की परत येत नाहीत.

दुसरा जीन हार्लेक्विनचा, २०११ साली सापडलेला. तो मर्लवर काम करतो, करडा भाग पांढरा करतो आणि काळे डाग ठेवतो. कुत्रा मर्ल नसेल तर हा जीन अंगात असूनही दिसत नाही. आणि याच्या दोन प्रती एकत्र आल्या, तर गर्भ टिकतच नाही. म्हणजे जगातला प्रत्येक जिवंत हार्लेक्विन या जीनची एकच प्रत बाळगतो. हार्लेक्विनपासून फक्त हार्लेक्विन कधीच निघणार नाहीत, कितीही पिढ्या निवड करा. तरीही दोन हार्लेक्विन जुळवले की 'जास्त हार्लेक्विन' मिळतील, अशी समजूत आहे. चौथा हिस्सा गर्भ आतच जातात आणि जगलेल्यांपैकी चौथा हिस्सा पिल्लं दोन मर्लवाली. अशी जोडी मी जुळवत नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी.

माझ्या हार्लेक्विन मादीला मी काळा नर देते, तोही दोन्ही चाचण्या करून. काळ्या नरात हार्लेक्विनचा जीन लपलेला असू शकतो, आणि तसं असलं तर काही गर्भ कुणाला कळायच्या आत जातात आणि वेत लहान का झालं याचा पत्ता लागत नाही. इतर जातींत तर मर्लही लपतो. लालसर किंवा क्रीम कुत्र्याच्या केसांत काळं रंगद्रव्य उतरतच नसेल, तर मर्ल फिकट करणार काय? दिसायला साधा क्रीम कुत्रा, अंगात मर्ल. म्हणून डोळ्यांवर विसंबायचं नाही, लॅबचा कागद बघायचा. साध्या मेटिंगमध्ये निदान "कुंपण ओलांडून गेला हो" असं घडू शकतं. कृत्रिम रेतनात अपघात होत नाही. कुठली स्ट्रॉ, कुठली मादी, कुठला दिवस, सगळं मी ठरवलेलं. म्हणून त्यातून जन्मलेल्या बहिऱ्या पिल्लाची जबाबदारीही सगळी माझी.

रंगाच्या मागे लागून जातीचं काय होतं, हेही बघण्यासारखं आहे. ग्रेट डेनमध्ये रंगांची घराणी आहेत, पिवळे आणि ब्रिंडल (पट्टेदार) एकीकडे, हार्लेक्विन आणि काळे दुसरीकडे, निळे (म्हणजे निळसर राखाडी) तिसरीकडे. मुळातच बेताचा असलेला साठा त्याने आणखी तुकड्यांत वाटला गेला. लॅब्रेडॉरमध्ये चॉकलेट रंगासाठी दोन्ही आई-बापांकडून तो सुप्त जीन यावा लागतो, म्हणजे निवडीचं वर्तुळ लहान होतं. ब्रिटनमधल्या कुत्र्यांवर २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चॉकलेट लॅब्रेडॉरचं मध्यक आयुष्य १०.७ वर्षं आणि इतर रंगांच्या लॅब्रेडॉरचं १२.१ वर्षं निघालं, कानाचे आणि कातडीचे आजारही चॉकलेटमध्ये जास्त. निळ्या डॉबरमनचे केस झडतात ते तर रिंगमधल्या सगळ्यांना ठाऊक आहे. एका रंगासाठी वर्षभराहून जास्त आयुष्य द्यावं लागत असेल, तर तो रंग मला नको.

आता हार्लेक्विन मागणाऱ्यांसाठी. हार्लेक्विन मादी आणि हार्लेक्विनचा जीन नसलेला काळा नर, या जोडीतून सरासरी निम्मी पिल्लं काळी, चौथा हिस्सा मर्ल आणि चौथा हिस्सा हार्लेक्विन. आठ पिल्लांच्या वेतात एकही हार्लेक्विन न निघण्याची शक्यता दहा टक्के आहे, आणि निघालं तरी ते तुमच्या घराला साजेसं असेल असं नाही. पिल्लं पाच आठवड्यांची झाली की ज्यांच्या अंगावर पांढरं जास्त आहे त्यांची बेअर चाचणी होते. डोक्याला तारा लावून, कानात आवाज सोडून मेंदूचा प्रतिसाद मोजतात, म्हणजे एका कानाने बहिरं पिल्लूही कळतं. तो अहवाल पिल्लासोबत दिला जातो.

नाव नोंदवताना रंग लिहायची जागा मी ठेवलेली नाही. घरात कोण कोण आहे, लहान मुलं आहेत का, दिवसभर घरी कोण असतं, एवढा मोठा कुत्रा आजारी पडला तर उचलून गाडीत घालायला दोघं जण मिळतील का, हे लिहा. पिल्लं सात आठवड्यांची झाली की स्वभाव बघून कुठलं कुणाकडे जाणार ते मी सांगते. पुढच्या वेताचा नर काळा आहे. त्याची आई दहाव्या वर्षीही स्वतःच्या पायांनी जिना चढत होती. त्याच्या हृदयाचे सगळे अहवाल माझ्याकडे आहेत, बघायला मागा, मी पाठवते.