देवलापारकडच्या गावांत औषधं घेऊन जाताय? कार नेऊ नका

"डांबरी रोड आहे, कार दारात जाते," असं आम्हाला सांगणारा माणूस त्या गावाला कधी गेला असेल यावर माझा विश्वास नाही. मे २०२१, कोरोनाची दुसरी लाट, महिन्याचा दुसरा आठवडा. नागपूर, मनसर, देवलापार, तिथपर्यंत हायवे मक्खन. हायवे सोडल्यावर अकरा किलोमीटर. तीन डांबरी, मग मुरूम, मग उघडी गिट्टी आणि शेवटी नाल्यावरचा रपटा, म्हणजे बुटका पूल, ज्याचा एक कोपरा मागच्या पावसाळ्यात वाहून गेला तो गेलाच. आमची गाडी तिथे पोटावर बसली. ऊन त्रेचाळीसचं. डिकीतलं सगळं उतरवलं, दगड लावले, ढकललं. दीड तास. बोलेरो किंवा पिकअप मिळत असेल तरच निघा.

डिकीत सगळ्यात जड होतं ते ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, हवेतून ऑक्सिजन काढून देणारं विजेचं मशीन, म्हणजे आमच्या हौसेची वस्तू. गावात व्होल्टेज इतकं कमी की दुपारी पंख्याची पाती मोजता येतात. मशीन दोन मिनिटं चाललं आणि जे बोंबलायला लागलं ते बंद करेपर्यंत थांबलं नाही. शेवटी ते ग्रामीण रुग्णालयात देऊन आलो. गावात नेऊ नका, फोटो छान येतो तेवढाच.

खरी कामाची वस्तू ऑक्सिमीटर, बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारा, आणि त्यातच आम्ही लुटलो गेलो. तेव्हा एरवी सात-आठशेला मिळणारा नग शहरातल्या एका होलसेलवाल्याने बावीसशेला लावला, वर बिल नाही. दहांतले तीन भंगार निघाले, एकाच माणसाच्या दोन बोटांवर ९७ आणि ८८. दुकानातच प्रत्येक नग स्वतःच्या बोटाला लावून बघा. पेन्सिल सेल डबल घ्या, गावात मिळत नाहीत. दानात आलेल्या पाकिटांत स्टेरॉइडच्या गोळ्या असतील तर इथेच काढून ठेवा. त्या डॉक्टरशिवाय कोणाच्या हातात द्यायच्या नाहीत.

वेळ चुकवू नका. मे महिना म्हणजे तेंदूपत्त्याचा, बिडीच्या पानांचा हंगाम. पहाटेच अख्खं गाव जंगलात, दहा-अकराला परत, मग ओसरीत पुडे बांधणं आणि संध्याकाळी फडावर, म्हणजे पुडे विकत घेतात तिथे. आम्ही नऊला पोचलो तेव्हा गावात कुत्री आणि दोन म्हातारे. त्यातला एक आम्हाला बघून आत गेला आणि कडी लावली.

आशाताई, म्हणजे गावच्या आशा आरोग्य स्वयंसेविका, आल्या नसत्या तर तसंच परत आलो असतो. त्यांना आदल्या दिवशीच निरोप द्या, कारण गावात रेंज फक्त टाकीच्या शिडीवर येते. "जय सेवा" असा गोंड लोकांचा नमस्कार करत त्या पुढे, आम्ही मागे. पत्ता तोडून आलेल्या एका आजीचं रीडिंग ८४ आलं आणि माझे हातपाय गळाले. ताईंनी आजीचं बोट धुतलं, लुगड्याच्या पदराने पुसलं, पाच मिनिटं सावलीत बसवलं. ९६. मग आजीच्या मुलाला लावलं, बसून ९५. ताई म्हणाल्या, याला अंगणात सहा मिनिटं चालवा. चौथ्या मिनिटालाच ८९.

तो दवाखान्यात यायला तयार होईना. "तिकडं नेलं का माणूस पॉलिथिनात बांधून येते." शहरातली आकडेवारी आम्ही रोज बघत होतो, त्यामुळे तोंडातून शब्द फुटेना. ताईंनी गोंडीत काय सांगितलं माहीत नाही, पण अर्ध्या तासाने तो उठला. मी जेवणाचा डबा उघडला होता, तो तसाच राहिला.

१०८ ला फोन करायला एकाला शिडीवर चढवलं. गाडी दुसऱ्या फेरीवर होती, दोन तास लागतील म्हणाले. मग आमच्याच कारने. खिडक्या उघड्या, एसी बंद, सगळ्यांना एन-९५, पेशंट मागे एकटा. रपट्यावर भरलेली गाडी निघणार नव्हती आणि त्याला चालवायचं नव्हतं. चौघांनी त्याला बाजेवर घालून नाला पार केला, आम्ही रिकामी गाडी काढली. संध्याकाळी त्याला ऑक्सिजनचा बेड मिळाला.

दुसऱ्या दिवशी मनसरजवळची चार गावं झाली. तिथे काही अडचण नाही, कोणीही जाऊ शकतो. त्या गिट्टीने मात्र टायर गेलाच होता. पंक्चरवाल्याने एका पंक्चरचे तीनशे घेतले. भांडायची ताकद नव्हती, दिले.