२ टीबीच्या डिस्कवर १४ व्हीएम: माझा अनुभव

सकाळी आधी कळलं ते डेटाबेसच्या व्हीएमबद्दल (व्हीएम म्हणजे सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभा केलेला आभासी संगणक). एसएसएच, म्हणजे दुरून लॉगिन, लागेना, पिंगलाही उत्तर नाही. होस्टवर, म्हणजे या व्हीएम चालवणाऱ्या खऱ्या सर्व्हरवर, यादी काढली तर १४ पैकी ९ व्हीएमपुढे ‘पॉज्ड’ लिहिलेलं. एक पुन्हा सुरू करून पाहिली. काही सेकंद चालली आणि परत थांबली. मग होस्टची डिस्क तपासली. उपलब्ध जागा शून्य.

मांडणी साधीच होती: लिनक्स, त्यातलं व्हीएम चालवणारं केव्हीएम, एक्सटी४ फाइलसिस्टिमचं २ टीबीचं व्हॉल्यूम आणि त्यावर सगळ्या व्हीएमच्या डिस्कच्या क्यूकाऊ२ फाइली. प्रत्येकीला २०० जीबीची डिस्क, म्हणजे कागदावर २.८ टीबी. क्यूकाऊ२ फाइल जेवढं लिहिलं जाईल तेवढीच वाढते, म्हणून हे दोन वर्षं खपून गेलं. जागा संपली की क्यूईएमयू (व्हीएम चालवणारा प्रोग्राम) गेस्टला, म्हणजे व्हीएमच्या आतल्या सिस्टिमला, एरर न देता व्हीएमच थांबवून ठेवतो. ही त्याची मूळची सेटिंग, आणि त्या सकाळी मला तिचे उपकार वाटले. एरर थेट गेस्टपर्यंत पोचली असती तर डेटाबेस दुरुस्त करण्यात दिवस गेला असता.

पण जागा आणायची कुठून? फाइली चाळताना एक गोष्ट आठवली. एक्सटी४ तयार होताना ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे मुख्य प्रशासक युजरसाठी, राखून ठेवते. २ टीबीवर ती साधारण १०० जीबी होते. क्यूईएमयूची प्रोसेस वेगळ्या युजरखाली चालते, त्यामुळे तिला ही जागा वापरता येत नव्हती. ट्यून२एफएस या कमांडने राखीव भाग १ टक्क्यावर आणला. व्हॉल्यूम अनमाउंटही करावं लागलं नाही आणि ८० जीबी मोकळे झाले. आधी डेटाबेस, मग बाकीच्या, अशा एकेक करून व्हीएम सुरू केल्या. डेटा शाबूत होता.

खरं काम त्यानंतरचं. एका व्हीएमच्या आत ६० जीबी वापर दिसत होता, होस्टवर तिचीच फाइल १९० जीबीची. गेस्टने फाइल पुसली तरी ते होस्टला कळत नाही. त्यासाठी डिस्कच्या व्याख्येत डिस्कार्ड (मोकळी झालेली जागा खाली कळवायची सोय) ‘अनमॅप’ असावं लागतं आणि गेस्टमध्ये ती जागा कळवणारं एफएसट्रिम चालावं लागतं. आमच्या एकाही व्हीएमवर ते नव्हतं. ही व्याख्या असलेली एक्सएमएल फाइल बदलून गेस्ट रीबूट केला, तरी काहीच फरक नाही. अर्धा तास डोकं खाल्ल्यावर उमगलं की रीबूटमध्ये क्यूईएमयूची प्रोसेस तीच राहते. व्हीएम पूर्ण बंद करून पुन्हा चालू केली, एफएसट्रिम दिलं, आणि १९० ची फाइल ६५ वर आली. तो आकडा मी दोनदा तपासला.

दोन जुन्या गेस्टनी छळलं. व्हर्टिओ-ब्लॉक या प्रकारे जोडलेल्या डिस्कवर डिस्कार्ड कळायला गेस्टमध्ये लिनक्स कर्नल ५.० किंवा पुढचं लागतं. त्यांचं कर्नल त्याआधीचं होतं. म्हणून त्यांच्या डिस्क व्हर्टिओ-स्कझी या दुसऱ्या प्रकारावर नेल्या. डिस्कचं नाव व्हीडीएवरून एसडीए झालं, एफएसटॅबमध्ये (बूट होताना जोडायच्या डिस्कची यादी) जुनंच नाव होतं, आणि एक गेस्ट बूट होताना अडकला. दुसऱ्याच्या वेळी आधी तिथे नावाऐवजी यूयूआयडी, म्हणजे न बदलणारे ओळख क्रमांक, लिहिले, मग डिस्क हलवली.

स्नॅपशॉटचीही अशीच गोष्ट. अपग्रेडआधी घेतलेला एक एक्स्टर्नल स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची गोठवलेली स्थिती) तसाच राहिला होता आणि नंतरचे बदल साठवणारी त्याची ओव्हरले फाइल महिनोन् महिने फुगत होती. ती मूळ फाइलमध्ये मिसळताना मूळ फाइल वाढते. ओव्हरलेची जागा सुटते ती सगळ्यात शेवटी. म्हणजे जागा सोडवायलाही आधी जागा हवी. हे काम एफएसट्रिमनंतर केलं ते बरं झालं.

त्याच आठवड्यात रॅमचाही हिशेब मांडला. तिथे सगळ्या व्हीएमना दिलेल्या रॅमची बेरीज होस्टच्या रॅमच्या आत बसत होती, आणि ती तशीच ठेवायची असं मी ठरवलंय. रॅम संपली तर कर्नलचा ओओएम किलर बहुधा सगळ्यात जास्त मेमरी घेणारी प्रोसेस मारतो, आणि व्हीएमच्या होस्टवर ती म्हणजे कुठली तरी मोठी व्हीएमच. कोअरच्या बाबतीत मी इतका कडक नाही. कोअर कमी पडले तर काम मंदावतं आणि गेस्टच्या टॉप कमांडमध्ये स्टीलचा (कोअरची वाट पाहण्यात गेलेल्या वेळेचा) आकडा चढलेला दिसतो. सावध व्हायला वेळ मिळतो.

आता व्हॉल्यूम ८० टक्के भरलं की मला मेल येतो. नवी व्हीएम मागणाऱ्याला ४० जीबीची डिस्क मिळते. कमी पडली तर चालू व्हीएमवरच वाढवून देतो; लहान करायची तर आधी आतली फाइलसिस्टिम आकसावी लागते, आणि त्या वाटेला मला जायचं नाही.